बर्फ आला आणि मी निघाले

आमच्या अर्नाळ्यातून माणसं फार लांब लांब गेली. कुणी बोटीवर खलाशी होऊन आफ्रिकेला पोचलं, कुणी मुंबईच्या गोदीत कायमचं राहिलं. मी गेले माणिकपूरला. सकाळी बैलगाडीत बसलं तर दुपारच्या जेवणाला पोचावं, एवढंच ते अंतर. म्हणून माझ्या जाण्याला कुणी जाणं म्हटलंच नाही. रडलंही कुणी नाही, मी सोडून.

मी बर्फाच्या लॉरीतून गेले. दुसरी मोठी लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती. मुंबईच्या एका शेठने माणिकपूरला स्टेशनाजवळ बर्फाचा कारखाना काढला होता. त्याची लॉरी सकाळी आमच्या किनाऱ्यावर यायची. येताना भुशात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या असायच्या, जाताना त्याच बर्फात दाबलेली ताजी मासळी. माझे यजमान त्या कारखान्यात इंजिन ड्रायव्हर. त्यांना आवारातच खोली मिळाली आणि मला न्यायला ते लॉरीतूनच आले. माझी ट्रंक आणि पाटा-वरवंटा मागे मासळीच्या खोक्यांवर चढवला. मी पुढे कडेला बसले.

लॉरी वलांड्यांपाशी थांबवायला लावली, कारण आई तिथे होती. वलांड्या म्हणजे बोंबील वाळत घालायचे बांबूचे मांडव. किनाऱ्यावर तेव्हा त्यांच्या रांगाच रांगा असत. आई बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्या बोंबलाचा जबडा अडकवून जोड्या दोरीवर टाकत होती. मी पाया पडले. तिचे हात ओले होते म्हणून तिने कोपराने माझ्या डोक्याला स्पर्श केला आणि म्हणाली, "जा. वारा चांगला हाय, मना हे आटपू दे."

लॉरी निघाली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. वारा खरंच चांगला होता.

अर्नाळ्यात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींना हे सांगायला नको, पण ज्या लहानपणीच बाहेर गेल्या त्यांच्यासाठी लिहिते. आमच्याकडे मासळी पकडायची बापयांनी, म्हणजे पुरुषांनी. ती एकदा किनाऱ्याला लागली की बायकांची. निवडायची बायकांनी, सुकवायची बायकांनी, आगाशीच्या आणि विरारच्या बाजाराला न्यायची बायकांनी, आणि पैसेही बायकांच्याच कमरेला. आईच्या कमरेची चंची मी तिच्या अंगावरून कधी उतरलेली पाहिली नाही. बापसाला तंबाखूला पैसे लागले तर तो आईसमोर उभा राहायचा. आई विचारायची, "कशाला?" तो सांगायचा. मग ती द्यायची. यात कुणाला कमीपणा वाटत नसे. मी शाळेत फायनलपर्यंत शिकले, तेही या चंचीच्या जोरावर. बापसाचं मत विचारलं होतं की नाही, मला शंकाच आहे.

आता यजमानांबद्दल. तेही अर्नाळ्याचेच, बोट हाकणाऱ्या तांडेलाच्या घरातले धाकटे. लढाईच्या वर्षांत मुंबईला एका वर्कशॉपमध्ये राहून इंजिनाचं काम शिकले. वाचायची फार आवड. जुनी मासिकं रद्दीतून आणायचे. "पुढे काय येणार आहे, तुला कल्पना नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. पुढे प्रत्येक बोटीला इंजिन असणार, वल्हं कसं धरायचं ते पोरांना ठाऊकही राहणार नाही. घरोघरी एक कपाट येणार, त्यात ठेवलेली मासळी आठ दिवस टिकणार. पैसे कमरेला बांधायचे दिवस जाणार, ते बँकेत राहणार आणि आपले आपण वाढणार. आणि कुठल्याही बाईला डोक्यावर पाटी घेऊन उन्हात चालावं लागणार नाही.

"तुला तर मी पाटी उचलूच देणार नाही," असं ते लग्नात सगळ्यांसमोर म्हणाले होते. माझ्या मैत्रिणी किती दिवस मला त्यावरून चिडवत होत्या. त्यांना हेवा वाटत होता आणि मलाही माझा थोडा वाटत होता.

कारखान्याचं आवार म्हणजे चारी बाजूंनी भिंत, वर काचा लावलेल्या. एक मोठं गेट, तिथे वॉचमन. आत एका अंगाला प्लॅन्ट, त्याच्या शेजारी मासळी भरायची शेड, आणि समोरच्या बाजूला स्टाफच्या तीन खोल्या. आमची मधली. खिडकी उघडली की समोर शेड. इंजिन चोवीस तास चालायचं. पहिले काही दिवस त्या आवाजाने डोकं उठायचं, मग तो ऐकू येईनासा झाला, आणि मग तो थांबला की आम्ही सगळे दचकून दाराबाहेर यायचो. अमोनियाचा वास सुटला की डोळ्यांतून पाणी. सुक्या मासळीचा वास मात्र नाही. सुकं काही आवारात घालायचं नाही, माशा येतात, असा शेठचा हुकूम होता.

मला काम नव्हतं. दोन माणसांचा स्वयंपाक, दोन माणसांचे कपडे. पाणी नळाला. भाजी यजमान ड्यूटीवरून येताना आणायचे. "तू कशाला बाजारात जातेस, मी आणतो ना," म्हणायचे, आणि चांगली आणायचे. पगार झाला की घरखर्चाचे पैसे डब्यात ठेवायचे. कधी हिशेब विचारला नाही. तुम्ही म्हणाल, मग दुःख कसलं. तेच मला सांगता येत नसे. शेजारची मार्था, फिटरची बायको, उमेळ्याची. तिच्या बापाची केळीची वाडी होती. तीसुद्धा माझ्यासारखीच बसून असायची, पण तिला रविवारी चर्चमध्ये मिस्सा होती. रविवारी ती ठेवणीतलं लुगडं नेसून गेटबाहेर पडायची. मला गेटबाहेर पडायला कारणच नव्हतं. कधी कधी मी नुसती गेटपर्यंत जायची. वॉचमन आदराने उठून विचारायचा, "काय पाहिजे बाई? मी आणतो." मी परत फिरायची.

नारळी पुनवेला आम्ही अर्नाळ्याला गेलो. देवळाच्या अंगणात बापये जमले होते. यजमानांना सगळे मानाने बोलवत. त्यांनी उभं राहून बर्फाची गोष्ट समजावून सांगितली. चांगलं बोलत ते.

"सगळी मासळी बर्फात घातली की मुंबईला ताजी जाते. ताज्याला दर जास्त. उन्हाची वाट बघायला नको, पावसाची भीती नको, सुकवत बसायला नको. पैसे तिथल्या तिथे, किनाऱ्यावर."

मागे बायका बसल्या होत्या. त्यांतून आई म्हणाली, "कोनाच्या हातात?"

"ज्याची बोट त्याच्या हातात, सासूबाई."

"आनि आमी काय करायचं?"

"तुम्ही आता आराम करायचा."

सगळ्या हसल्या. आई हसली नाही. "आराम घेऊन बाजारात गेलं तर काय मिलतं?" असं तिने विचारलं. यजमानांना ते थट्टेत बोलल्यासारखं वाटलं. तेही हसले आणि पुढे बोटीच्या इंजिनाबद्दल बोलू लागले.

त्यानंतर एकाच्या दोन लॉऱ्या झाल्या. शेठचा मुकादम किनाऱ्यावरच नोटा मोजून बापयांच्या हातात द्यायचा. मोठे बोंबील, पापलेट, सुरमई, सगळं खोक्यात. वलांड्यांवर घालायला उरेल ते उरेल. एकदा मी माहेरी गेले तर निम्म्या वलांड्या मोकळ्या होत्या आणि त्यांच्या बांबूंना पोरं झोके घेत होती. बापसाने हातात घड्याळ बांधलं होतं. त्याला वेळ बघता येत नव्हती, पण घड्याळ चांगलं होतं. त्याच दिवशी मी आईला त्याच्याकडे पैसे मागताना ऐकलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याने फक्त विचारलं, "कशाला?" आई काही न सांगता आत गेली. पैसे तिने घेतले नाहीत.

पुढच्या हंगामात एका सकाळी मी चुलीपाशी होते. लॉरी आत आल्याचा आवाज आला म्हणून सवयीने खिडकीतून पाहिलं. खोक्यांवर अर्नाळ्याच्या बायका बसल्या होत्या. रेल्वेने जाणाऱ्या मालासाठी बर्फ फोडायला आणि खोकी भरायला मॅनेजरने रोजावर बायका मागवल्या होत्या. एकेक जण उतरली. तिसरी आई होती. तिने पदर खोचला, शेडकडे चालू लागली, आणि मग माझ्या खिडकीकडे मान वर करून पाहिलं. बघून न बघितल्यासारखं केलं. तव्यावरची भाकरी जळाली.

दुपारी यजमान जेवायला आले, हात धुऊन पाटावर बसले. मग म्हणाले, "त्यांना सांग, इथे येऊ नका. ड्रायव्हरची सासू त्याच कारखान्यात रोजावर, बरं दिसत नाही. आपल्याकडेच राहू दे त्यांना. मी सांभाळीन." ते मनापासून म्हणत होते.

मी शेडपाशी गेले आणि आईला तसं सांगितलं. ती मोगरीने लादी फोडत होती. न थांबता म्हणाली, "राहून काय करू? तू काय करतेस?"

याचं उत्तर शोधत मी तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी यजमान ड्यूटीवर गेल्यावर मी पदर खोचून शेडमध्ये गेले आणि एक मोगरी उचलली. आई थोडी सरकली आणि मला जागा करून दिली. बर्फाचे तुकडे तोंडावर उडत होते, हात बधिर झाले होते, बायका जुन्या बाजारातल्या भांडणांच्या गोष्टी सांगत होत्या, आणि मी किती महिन्यांनी पोट धरून हसले.

ते दुपारपर्यंतच. मॅनेजरने यजमानांना बोलावून घेतलं. स्टाफच्या खोल्यांतल्या घरच्या माणसांनी रोजावर काम करायचं नाही, करायचं असेल तर खोली खाली करावी, असं त्यांना सांगण्यात आलं. ते घरी आले. ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुला काय कमी आहे?"

"काही नाही."

"मग?"

"म्हणूनच," मी म्हटलं. त्यांना ते कळलं नाही आणि मला उलगडून सांगता आलं नाही. ते म्हणाले, "खोली गेली तर राहायचं कुठे, ते तरी सांग." मला तेव्हा दिवस गेले होते. अर्नाळ्यात त्यांच्या वाट्याच्या खोलीत त्यांचा भाऊ राहत होता. मी दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेले नाही.

मार्थाने एक वाट काढून दिली. "चहा द्यायला कोण नको म्हणतंय?" असं ती म्हणाली. मग रोज दुपारी मी पेला घेऊन आवार ओलांडायची. आई उभ्यानेच चहा प्यायची. बोलणं थोडंच. "आज बोंबील मोठे होते. बर्फात गेले." किंवा, "बापूस खोकतोय." माझा मुलगा झाल्यावर त्याला कडेवर घेऊन जायची. ओल्या हातांनी ती त्याला घ्यायची नाही, लांबूनच त्याच्याशी बोलायची. पेला रिकामा झाला की, "जा, बघतील." आम्ही माय-लेकी एकाच भिंतीच्या आत दिवसभर, ती शेडमध्ये आणि मी खिडकीत. मोठ्याने हाक मारली तर ऐकू जाईल एवढं अंतर. अशी तीनेक वर्षं गेली. बापूसही त्यातच गेला.

तिची बोटं बर्फाने फुटायची. मग ती नीट मिटेनात. एके दिवशी तिने पेला दोन तळव्यांमध्ये धरून तोंडाला लावला. यजमान प्लॅन्टच्या दारात उभे होते. त्यांनी ते पाहिलं. त्या दिवसापासून ड्यूटी संपल्यावर ते घरी येईनात. मुंबईच्या भंगारातून त्यांनी बर्फ फोडायचं एक जुनं यंत्र आणवलं होतं. त्याचे दात घासायचे, पट्टा बसवायचे, काळे हात घेऊन घरी यायचे. मी त्यांना इतकं आनंदी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि पुढेही नाही.

यंत्र सुरू केलं त्या दिवशी मला आणि मुलाला बोलावलं. वरून अख्खी लादी टाकली, आत कडकडाट झाला आणि खालून बारीक चुरा पडला. यजमान आईला म्हणाले, "सासूबाई, आता मोगरी उचलायची नाही. नुसती पाटी भरायची."

आईने चुऱ्यात हात घालून पाहिला. "चांगलं हाय," ती म्हणाली. मग विचारलं, "आमच्यातल्या किती जनी लागतील आता?"

"सगळ्याच लागतील."

त्यांना तसंच वाटत होतं. मी त्यांचा चेहरा बघत होते, म्हणून मला माहीत आहे.

महिनाही गेला नाही. मुकादमाने निम्म्या बायकांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. आईचं नाव पहिलं, कारण हात चालत नव्हते. यजमान मॅनेजरकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा ते वरच्या माणसाशी भांडले असतील. मॅनेजर म्हणाला, "यंत्र तुम्हीच बसवलंत ना?" आणि शेठ फार खूश आहेत, पगार वाढवलाय, असंही सांगितलं. ते घरी येऊन पाटावर बसले आणि ताटाला हात लावेनात.

"मी त्यांचे हात वाचवायला बसवलं," ते म्हणाले.

"मला ठाऊक आहे."

एकाच गोष्टीसाठी एकाच माणसाचा राग आणि कीव दोन्ही येतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्यांच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला आणि शेजारी बसून राहिले. "पुढे काय येणार आहे" हे त्यांचं वाक्य त्यानंतर मी फार दिवस ऐकलं नाही. मासिकं यायची, पण ती न उघडताच कोनाड्यात पडायची.

शेवटच्या दिवशी आईने चहा बसून घेतला. कुणी हटकलं नाही. जाताना म्हणाली, "नवऱ्याला बोलू नको. त्यानं माझा हात बघितला. बाकी कोनी बघितला नाय."

अर्नाळ्यात आता तिला ना वलांडी होती ना शेड. वलांड्यांच्या जागेवर लॉऱ्या वळवायला मोकळं मैदान केलं होतं. यजमानांचा वाढलेला पगार आला की त्यातली एक नोट मी लॉरीच्या ड्रायव्हरबरोबर तिला पाठवायची. पहिल्या महिन्यात ती परत आली. दुसऱ्या महिन्यातही आली. ड्रायव्हर म्हणायचा, "म्हातारी नको म्हनते." तिसऱ्या महिन्यात नोट परत आली नाही. त्या दिवशी मी जितकी रडले तितकी लॉरीत बसले तेव्हाही रडले नव्हते.

अजून थोडी वर्षं गेली. यजमान म्हणत तसंच झालं. अर्नाळ्याच्या बोटींना इंजिनं बसू लागली. कोळ्यांनी सोसायटी काढली आणि तिला इंजिन जाणणारा माणूस हवा होता, तोही गावातला. चौघे जण आमच्या खोलीत येऊन बसले. पगार इथल्यापेक्षा थोडा कमी, पण गावात राहायचं, घर बांधायला जागा देऊ म्हणाले. ते गेल्यावर यजमानांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आधी मला विचारलं.

"जायचं का?"

मी वेळ मागून घेतला आणि आईकडे गेले. ती ओट्यावर बसून लसूण सोलत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती खूश झाली. "ये की," म्हणाली. मग बोटांत पाकळी धरायचा प्रयत्न करत तिने विचारलं, "पन हितं करशील काय?"

मी किनाऱ्यावर गेले. बापये लॉरीभोवती उभे होते. माझ्या वयाच्या बायका घरात होत्या. एकीने मला बोलावून नवं कपाट दाखवलं, कपड्यांचं, आरसा लावलेलं. चहा दिला. "तुजं बरं हाय बाय, तू शेरात," असं ती म्हणाली. माणिकपूरला ती शेर म्हणत होती. मला हसू आलं नाही. मी तिच्या खोलीत, आमच्या खोलीतल्यासारखीच, खिडकीपाशी बसले होते.

परत आल्यावर मी यजमानांना म्हटलं, "नको. मुलांची शाळा आहे."

दहा वर्षं ही बाई गेटकडे बघत बसली, असं त्यांच्या मनात आलं असेल. मग शर्ट घालून ते सोसायटीला निरोप द्यायला गेले.

मुलांची शाळा खरंच होती. नळ होता, डॉक्टर होता, महिन्याच्या महिन्याला पगार होता. सगळी कारणं खरी होती आणि त्यांतल्या एकानेही मी थांबले नाही. तुम्ही अर्नाळ्यातच राहिलेल्या, तुम्हाला वाटतं मी सुटले. आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या, तुम्हाला वाटतं मला परत जाणं सोपं आहे, अंतर ते केवढं. जिथे जायला मी नको म्हटलं ते माझं घर, की जिथे उभी राहून म्हटलं ते, हे मला अजून सांगता येत नाही. एवढं मात्र खरं की त्या दिवशी गेट सताड उघडं होतं, वॉचमन जेवायला गेला होता, आणि नको म्हणणारी मीच होते.

संध्याकाळी धाकटी मुलगी शाळेतून आली. तिने कुठून तरी ऐकलं होतं. पाटी-दप्तर टाकून तिने विचारलं, "आई, आपण अर्नाळ्याला राहायला जाणार ना?"

मी म्हटलं, "हातपाय धू आणि खाऊन घे."